गुणसूत्र नव्हे, रंगसूत्र

मंडळाच्या गेल्या अंकात एका सन्मान्य सभासदांनी आपल्या घराण्याच्या सात-आठ पिढ्यांचा वृत्तान्त मोठ्या आत्मीयतेने सादर केला आहे. होळकरशाहीत नर्मदा ओलांडून आलेला मूळ पुरुष, त्याला मिळालेले इनाम, पुढे रियासतीच्या निरनिराळ्या खात्यांतून झालेल्या नोकऱ्या, हे सारे त्यांनी कागदपत्रांच्या आधाराने मांडले आहे आणि त्याबद्दल त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु लेखाच्या अखेरीस त्यांनी जो निष्कर्ष काढला, त्याच्याशी आमचे भांडण आहे. घराण्यातील करारीपणा, हिशेबातील चोखपणा आणि मराठीपण इतकी वर्षे परमुलखात राहूनही टिकले, कारण ते 'गुणसूत्रांत' आहे. आणि गुणसूत्रे आज ना उद्या बोलल्यावाचून राहत नाहीत, असे ते म्हणतात.

एरवी असे वाक्य वाचून आम्ही पान उलटले असते. पण अंक हाती पडण्याच्या आदल्याच आठवड्यात आमच्या परिचयातील एका घरी ठरत आलेला विवाह मोडला. मुलगी एम.कॉम. झालेली, नोकरीस लागलेली. मुलाकडील मंडळीही आपल्यापैकीच, जुनी आणि प्रतिष्ठित. मुलीच्या आत्याच्या हातांवर कोडाचे डाग आहेत, ही गोष्ट कोणी लपविलेली नव्हती. साखरपुड्याची तारीख काढण्याच्या वेळी मध्यस्थाकरवी निरोप आला की, स्थळ सर्वार्थाने उत्तम आहे, पण 'गुणसूत्रांचा प्रश्न' असल्यामुळे पुढे जाता येत नाही. आमच्या आजोबांच्या काळी हाच निरोप 'रक्त' या शब्दाने आला असता. शब्द तेवढा बदलला. आणि तो शास्त्रीय वाटत असल्यामुळे मुलीच्या वडिलांना उत्तरही सुचले नाही. आम्ही तेथे बसलो असताना मुलीने एकच प्रश्न विचारला. "काका, माझ्यात जे दिसतच नाही ते माझ्यात आहे, आणि ते उद्या बाहेर येणार, हे यांनी कशावरून ठरविले?" त्या वेळी आम्ही काहीतरी सांत्वनपर बोललो. प्रस्तुत लेख हे तिच्या प्रश्नाचे उशिरा सुचलेले उत्तर होय.

आम्ही शास्त्रज्ञ नाही. मध्य प्रदेश शासनाच्या महसूल खात्यात उभे आयुष्य कागद हलविले, एवढीच आमची कमाई. मात्र नोकरीपूर्वी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो, आणि तेव्हा अपुरी राहिलेली गोडी निवृत्तीनंतर पुरवून घेत आहोत. त्या गोडीचा विषय म्हणजे एक क्षुद्र माशी. जनुकाचे असणे आणि जनुकाचे बोलणे या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे जगाला प्रथम स्वच्छ दाखविले ते या माशीने. म्हणून सभासद महाशयांच्या सात-आठ पिढ्यांसमोर आम्ही ही माशी उभी करीत आहोत. त्यांनी राग मानू नये.

पिकलेली केळी दोन दिवस टोपलीत राहिली की ज्या बारीक चिलटांचा घोळका त्यांवर जमतो, त्यांतीलच एक म्हणजे ड्रॉसोफिला. आंब्यापेरूच्या बागाईतदारांना छळणारी फळमाशी ती वेगळी. ड्रॉसोफिलाचा नैसर्गिक डोळा विटकरी लाल असतो आणि तो सुमारे आठशे सूक्ष्म नेत्रिकांचा बनलेला असतो. १९१० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांना एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला, आणि त्याच्या संततीच्या अभ्यासातून हा दोष एक्स या रंगसूत्राशी निगडित आहे हे सिद्ध झाले. ते जनुक 'व्हाइट' या नावाने प्रसिद्ध आहे. नाव पांढरे असले तरी त्याचे काम डोळ्याच्या पेशींत रंगाचा कच्चा माल पोहोचविण्याचे आहे. ते काम थांबले की डोळा पांढरा पडतो. (जनुकाला त्याच्या बिघाडावरून नाव देण्याची ही रीत आम्हांला सरकारी वाटते. आमच्याकडेही खाते ओळखले जाई ते तेथे कोणते काम होत नाही यावरून.)

मॉर्गन यांच्याच तालमीत तयार झालेल्या हर्मन मुलर यांनी क्ष-किरणांनी जनुकांत बदल घडविता येतात, हे १९२७ साली दाखविले. या कामासाठी त्यांना १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. टेक्सस विद्यापीठातील त्यांच्या प्रयोगशाळेत किरणांच्या माऱ्यानंतर काही विलक्षण माशा निघाल्या. त्यांचा डोळा धड लाल नव्हता की धड पांढरा नव्हता. तो चितकबरा होता. पांढऱ्यावर लाल ठिपके, लालावर पांढरी बेटे. मुलर यांनी १९३० साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. प्रथमदर्शनी असे वाटावे की, व्हाइट हे जनुकच अर्धवट मोडले असेल. तसे नव्हते. जनुक शाबूत होते. त्याची जागा बदलली होती.

घडले ते असे. एक्स रंगसूत्र दोन ठिकाणी तुटले आणि मधला तुकडा उलटा फिरून पुन्हा जोडला गेला. एरवी रंगसूत्राच्या टोकाजवळ राहणारे व्हाइट जनुक या उलटापालटीमुळे दुसऱ्या टोकाकडील एका गडद भागाच्या शेजारी जाऊन बसले. हा गडद भाग म्हणजे हेटेरोक्रोमॅटिन. रंग दिला असता रंगसूत्राचे काही भाग सदैव गडद व घट्ट आवळलेले दिसतात, हे जर्मन शास्त्रज्ञ एमिल हाइट्झ यांनी १९२८ साली शेवाळवर्गीय वनस्पतींत पाहून त्यांना हे नाव दिले होते. माशीच्या एकूण जनुकद्रव्याचा सुमारे तिसरा हिस्सा अशा गडद भागांचा असतो. चितकबऱ्या डोळ्यांचा संबंध या गडद शेजाराशी आहे, हे जॅक शुल्ट्झ यांनी १९३६ साली मांडले.

आमच्या खात्यातील वाचकांना हे समजावयास कठीण जाऊ नये. हुकूम तोच, सही तीच, शिक्का तोच. पण बस्ते पुन्हा बांधताना तो कागद चालू फायलींतून निघून अभिलेखागाराच्या गठ्ठ्याला चिकटला. कागदावरचे एक अक्षरही पुसले गेलेले नाही, तरी त्याची अंमलबजावणी होत नाही. आता जनुक खरोखर शाबूत आहे याचा पुरावा काय, असे कोणी विचारील. पुरावा तत्काळ शोधला गेला. १९३० नंतरच्या दशकात रशियात दुबिनिन आणि सिदोरोव यांनी 'हेअरी' नावाच्या दुसऱ्या एका जनुकाच्या बाबतीत, स्थानभ्रष्ट झालेले जनुक संकराच्या मार्गाने पुन्हा निकोप रंगसूत्रावर आणून दाखविले. ते पूर्ववत काम करू लागले. उलट, निकोप जनुक त्या वाईट जागी नेले तर तेही दुबळे पडले. व्हाइटच्या बाबतीतही, किरणांच्या दुसऱ्या माऱ्याने ते गडद भागापासून पुन्हा दूर गेले, तेव्हा डोळा संपूर्ण लाल झालेला पुढे दिसून आला. मूकपणाचे कारण स्थानात होते.

येथवर कोणी म्हणेल की, ठीक आहे, जागा वाईट होती म्हणून जनुक गप्प बसले. मग डोळा सर्वच्या सर्व पांढरा का नाही? खरी गंमत येथेच आहे. प्रत्येक पेशीत तेच रंगसूत्र, तीच उलटापालट, तेच जनुक. आणि तरी एका पेशीत ते बोलते व शेजारच्या पेशीत मुके राहते. इतकेच काय, एकाच माशीचा उजवा डोळा डाव्याशी जुळत नाही. आई तीच, बाप तोच, बाटली तीच, बाटलीतील अन्न तेच. 'गुणसूत्रे बोलल्यावाचून राहत नाहीत' असे म्हणणाऱ्यांनी या दोन डोळ्यांकडे निरखून पाहावे.

हा मूकपणा लादणारी यंत्रणा पुढे हळूहळू उलगडली. ज्यांच्या अभावी चितकबरा डोळा पुन्हा लालीकडे झुकतो, अशी अनेक जनुके सापडली. त्यांतील एक जनुक एका प्रथिनाचे निघाले. अमेरिकेतील सेंट लुईस येथे सारा एल्गिन यांच्या प्रयोगशाळेत १९८६ साली गडद भागांवर चिकटलेले आढळले होते तेच हे प्रथिन, एच.पी.१. दुसऱ्या एका जनुकाचे कार्य २००० साली त्याच्या मानवी प्रतिरूपावरून व्हिएन्ना येथील संशोधकांनी ओळखले. जनुकद्रव्य ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेले असते, त्यांवर ते एक लहानशी रासायनिक खूण करते. ती खूण पाहून एच.पी.१ तेथे बसते आणि आवळलेपणा शेजारी पसरत जातो. हे प्रमाणाचे गणित आहे. एच.पी.१ ची मात्रा निम्मी केली की मूकपणा घटतो, वाढविली की वाढतो. वाय रंगसूत्र जवळजवळ सगळे गडद असते. त्याची एक जादा प्रत माशीत आली तर एरवी मूकपणा लादणारा माल तिकडे खर्ची पडतो असे मानतात, आणि डोळा अधिक लाल होतो. थंडीत वाढविलेल्या माशांत मूकपणा जास्त, उबेत वाढविलेल्यांत कमी. एकाच जनुकाच्या बोलण्याला शेजार, साहित्याची मात्रा आणि हवामान इतक्या गोष्टी लागतात.

पण आमच्या मते सर्वांत बोलका पुरावा ऊतींचा आहे, आणि सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत तोच नेमका गाळला जातो. व्हाइट जनुकाचे काम केवळ डोळ्यापुरते नाही. माशीच्या उत्सर्जनाचे काम करणाऱ्या माल्पीघी नलिकांतही ते रंग आणते, आणि उलटापालट झालेल्या माशीत त्या नलिकाही पेशीगणिक चितकबऱ्या होऊ शकतात. अळीच्या लाळग्रंथींत रंगसूत्रे इतकी जाड असतात की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवरील पट्टे मोजता येतात. तेथे संशोधकांनी पाहिले की, उलटापालटीच्या जागेजवळचा पट्टा एका पेशीत स्वच्छ असतो आणि शेजारच्या पेशीत गडद भागासारखा काळवंडलेला असतो. तरीही एक अडचण उरत होती. डोळ्याचे जनुक डोळ्यात बोलते की नाही हे कळते. पण स्नायूत किंवा आतड्यात ते एरवीही बोलत नाही, मग तेथे ते मुके केले गेले आहे की स्वभावतःच गप्प आहे, हे कसे ओळखावे?

सेंट लुईस येथीलच लू, बिशप आणि आयझेनबर्ग यांनी १९९६ साली यावर उपाय योजला. जीवाणूतील एक जनुक त्यांनी माशीत आणून गडद शेजारात बसविले. ते जागे झाले की पेशी विशिष्ट द्रव्यात निळी होते. आणि त्याला उष्णतेने चालू होणारी अशी कळ जोडलेली होती की, जवळजवळ कोणत्याही ऊतीत, वाढीच्या कोणत्याही टप्प्यावर ते जागे करता यावे. ऊब देऊनही जी पेशी निळी होत नाही, तेथे मूकपणा लादलेला आहे हे निश्चित. त्यातून दिसले ते प्रचलित समजुतीहून निराळे होते. मूकपणा गर्भावस्थेतच सुरू होतो. अळीच्या ज्या ऊती आपले अंतिम रूप घेऊन कामाला लागलेल्या असतात, तेथे तो पुष्कळसा शिथिल होतो. मात्र अळीच्या शरीरात भावी माशीचे डोळे, पंख, पाय ज्यांतून घडावयाचे असतात त्या अविकसित चकत्या राखून ठेवलेल्या असतात. तेथे तो दाटपणे टिकून राहतो. डोळा घडू लागतो तेव्हा काही पेशींत बंधन सुटते, काहींत सुटत नाही, आणि त्यातून चितकबरी नक्षी उमटते, असा त्यांनी निष्कर्ष काढला. म्हणजे एकाच अळीच्या एका ऊतीत जनुक बोलते आणि दुसऱ्या ऊतीत तेच जनुक दाबलेले असते. 'या माशीत हे जनुक आहे, तेव्हा ही माशी अशी' असे सरसकट विधान करण्यास जागाच उरत नाही. कोणत्या ऊतीत? कोणत्या वयात? कोणत्या उबेत?

गडद भाग म्हणजे वाईट आणि उजळ भाग म्हणजे चांगला, अशीही वाटणी करता येत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. कारण आपल्याकडे कोणतीही वाटणी लगेच उच्चनीचतेची होते. माशीच्या दुसऱ्या रंगसूत्रावर 'लाइट' नावाचे जनुक आहे. त्याचे घरच मुळी गडद भागात आहे. उलटापालटीने ते तेथून निघून उजळ भागात जाऊन पडले की ते नीट काम करीत नाही आणि डोळा चितकबरा होतो. जी जागा व्हाइटला मुके करते, तीच लाइटला लागते. आणखी एक उदाहरण 'ब्राउन' जनुकाचे. त्याच्या एका प्रतीत गडद द्रव्याचा मोठा ठोकळा शिरलेला आहे. ती प्रत तर मुकी होतेच, पण जोडीदार रंगसूत्रावरील संपूर्ण निकोप प्रतही तिच्या संगतीने मुकी होते.

असे काम केवळ परदेशातच होते असा समज नसावा. आपल्या हैदराबादकर वाचकांना हबशीगुड्यावरून जाताना जी पेशीय व रेण्वीय जीवविज्ञानाची संस्था लागते, तेथे माशीच्या जनुकद्रव्याच्या या बांधणीवर वर्षानुवर्षे संशोधन होत आले आहे. मूळच्या गोमंतकीय कुटुंबातील, केनियात जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत येऊन याच माशीच्या गंधज्ञानावर व रुचिज्ञानावर आयुष्य वेचले; २०१० साली त्या निवर्तल्या. आमच्या मंडळाने आजवर त्यांच्यावर एक ओळ छापलेली नाही, हे जाता जाता नमूद करतो.

आता शब्दाकडे वळू. मराठीत या वस्तूला दोन शब्द चालतात, 'रंगसूत्र' आणि 'गुणसूत्र'. मूळ शब्द जर्मन शास्त्रज्ञ वाल्डायर यांनी १८८८ साली घडविला. त्यातील ग्रीक पदांचा अर्थ रंग आणि काया असा आहे. रंग दिला असता उठून दिसते ती वस्तू, एवढाच त्याचा प्रामाणिक दावा. 'रंगसूत्र' हा शब्द तो दावा जसाच्या तसा मराठीत आणतो. 'गुणसूत्र' हा शब्द मात्र एक सिद्धान्तच गळी उतरवितो. दोऱ्यात मणी ओवावे तसे गुण ओवले आहेत. दोरा हाती आला की माळ हाती आली. करारीपणाचा एक मणी, हिशेबाचा एक, कोडाचा एक. हिंदीतही 'गुणसूत्र' हाच शब्द रूढ आहे आणि माळव्यात राहून आमच्या कानांना त्याची सवय झाली, हे कबूल. पण साहित्यसंस्थेने तरी शब्द पारखून घ्यावा. त्या दोऱ्यावर गुण नसतात. तेथे असतात ते मजकूर; त्यांतील कोणता मजकूर कोणत्या ऊतीत वाचला जाईल हे ठरविणारी आवळण-सैलावण तेथेच असते. मजकूर आणि गुण यांच्या मधला सगळा व्यवहार या एका शब्दाने झाकला जातो, आणि तो झाकलेला व्यवहारच विवाह मोडणाऱ्याच्या उपयोगी पडतो.

माशीचे माशीपाशी, माणसाचे काय, हा आक्षेप आम्ही गृहीत धरला आहे. माणसात रंगसूत्रांची मोडतोड होते आणि तिचे परिणामही स्थानावर व ऊतीवर अवलंबून असतात. बर्किट लिम्फोमा या कर्करोगात आठव्या रंगसूत्रावरील 'मिक' हे जनुक बहुधा चौदाव्या रंगसूत्रावर, प्रतिपिंडे घडविणाऱ्या जनुकाच्या शेजारी जाऊन बसते, हे १९८२ साली उघड झाले. तो शेजार रक्तातील बी-पेशींत अखंड गजबजलेला असतो. त्या गजबजाटात 'मिक' अनावर होते आणि पेशी बेसुमार वाढतात. ज्या पेशीत प्रतिपिंडे घडतच नाहीत, तेथे त्या शेजाराला हा गजबजाट नसतो. दुसरे उदाहरण बुबुळाचा रंगीत पडदा जन्मतः नसण्याच्या विकाराचे. बहुतेक रुग्णांत पॅक्स-६ या जनुकातच दोष असतो. परंतु काही कुटुंबांत जनुक संपूर्ण निकोप आढळले आणि रंगसूत्र तुटले होते ते त्याच्या सुमारे लाखभर अक्षरे पलीकडे. दूरवरची कळ तुटून गेली, म्हणून शाबूत जनुक आवश्यक तेथे बोलेना. येथे यंत्रणा गडद शेजाराची नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. माशीत जे जसे घडते ते माणसात तसेच घडते असा आमचा दावा नाही. जनुक हजर आहे एवढ्यावरून निकाल देता येत नाही, एवढाच आहे.

दुसऱ्या बाजूच्या मंडळींनाही येथे टाळ्या वाजविण्याचे कारण नाही. गेल्या वर्षी आमच्या शहरात एका व्याख्यात्याने जनुकांवरील या खुणांचा हवाला देऊन सांगितले की, आपण केलेले संस्कार सात पिढ्यांच्या जनुकांवर मोहोरेसारखे उमटतात. सभागृह भारावले होते. माशी याला दुजोरा देत नाही. आईच्या डोळ्यातील नक्षी मुलीच्या डोळ्यात उतरत नाही. उतरते ती रंगसूत्राची उलटापालट. नक्षी प्रत्येक माशीत नव्याने ठरते. काही वनस्पतींत व काही प्राण्यांत अशा खुणा पुढच्या पिढ्यांत टिकल्याची उदाहरणे आहेत, पण त्यांवरून उपनयनाचे फळ सातव्या पिढीस मिळते असे सिद्ध करणे हा शास्त्राचा उपमर्द आहे. परिस्थितीने कमावलेले सारे वंशात उतरते, असा आग्रह सत्तेने धरला म्हणजे काय होते, हे रशियाने पाहिले आहे. लायसेन्को यांच्या पक्षाने आनुवंशिकीच्या अभ्यासकांना 'माशीप्रेमी' म्हणून हिणविले. वाविलोव १९४३ साली तुरुंगात मरण पावले. आणि १९४८ च्या ऑगस्टमधील त्या कुप्रसिद्ध अधिवेशनानंतर, वर उल्लेखिलेल्या दुबिनिन यांची प्रयोगशाळा बंद करण्यात आली. स्थानाचा परिणाम स्वच्छ दाखविणारा माणूसच परिस्थितीच्या नावाने घरी बसविला गेला.

आनुवंशिकता नाहीच, असे आम्ही म्हणत नाही. आमच्याच राज्यात शहडोल येथून १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सिकलसेल, थॅलेसेमिया यांसारख्या विकारांत आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला विकार होण्याची शक्यता चारांत एक असते, आणि ते रक्ताच्या तपासणीतून आधी कळते. विवाहापूर्वी ही तपासणी प्रत्येकाने करावी. त्यासाठी नेमकी चाचणी आहे, नेमके गणित आहे. आत्याच्या हाताकडे पाहून भाचीचा निकाल लावणे यात चाचणी कोठे आहे आणि गणित कोठे आहे? कोडाचेच घ्या. त्याचा माशीच्या चितकबऱ्या डोळ्याशी संबंध नाही. तेथे शरीराची संरक्षक यंत्रणाच त्वचेतील रंगपेशींवर उलटते. त्यात वंशाचा वाटा आहे. पण तो केवढा? एकसारख्या जुळ्यांत जनुकांचा मजकूर जवळजवळ तंतोतंत एक असतो. त्यांतील एकास कोड असता दुसऱ्यासही असल्याचे प्रमाण २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे २३ टक्के आढळले. सर्व मजकूर सारखा असूनही शंभरांत सत्याहत्तर वेळा दुसरा निष्कलंक. भाचीचा तर आत्याशी पाव हिश्शाचा संबंध. शिवाय कोड स्पर्शाने पसरत नाही आणि आयुष्य तोडत नाही. ज्या घराने हे स्थळ नाकारले, त्याच घरात मधुमेह तीन पिढ्या नांदत आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. त्याला 'गुणसूत्रांचा प्रश्न' म्हणण्याचे कोणास सुचत नाही, कारण तो हातावर दिसत नाही.

हे लिहिताना आम्ही स्वतःस वगळू इच्छित नाही. १९९१ साली आमच्या धाकट्या बंधूंसाठी आलेले एक स्थळ आम्हीच, घरातील कर्ते म्हणून, याच कारणावरून परत पाठविले होते. तेव्हा आम्ही 'रक्त' हा शब्द वापरला होता. प्राणिशास्त्राची पदवी भिंतीवर टांगलेली होती. मुलीच्या वडिलांनी आमच्याकडे एक पत्र पाठविले; त्याला आम्ही उत्तर दिले नाही. ते आज हयात नाहीत.

सभासद महाशयांच्या 'मराठीपणा'विषयी एकच वाक्य. त्यांची नातवंडे आमच्याशी इंग्रजीत बोलतात, आणि चांगली बोलतात. रंगसूत्रे बिचारी काय करणार! भाषा जनुकांत नसते, एवढे सांगून हा मुद्दा आम्ही सोडतो. माशीवरून भाषेला उपमा देण्याचा मोह आम्हांसही झाला होता; पण उपमेलाच पुरावा समजण्याच्या सवयीवर हा सारा लेख असताना तो मोह आवरणे भाग आहे.

संपादक मंडळास एक विनंती. पुढील अंकापासून विज्ञानविषयक लेखांत 'रंगसूत्र' हा शब्द योजावा, आणि निदान या लेखात तरी मुद्रिते तपासणाऱ्यांनी तो बदलू नये. वधूवर सूचक पृष्ठावर 'खानदानी' व 'निर्दोष कुळ' ही विशेषणे छापणे बंद करावे, अशीही सूचना आम्ही कार्यकारिणीच्या बैठकीत मांडणार आहोत. ती फेटाळली जाईल असा रंग आहे, पण इतिवृत्तात तिची नोंद व्हावी असा आमचा आग्रह राहील.

हा लेख छापावयास देण्यापूर्वी त्या मुलीस वाचून दाखविला. तिने माशीच्या दोन न जुळणाऱ्या डोळ्यांचा भाग पुन्हा वाचावयास सांगितला. मग विचारले की, हा अंक त्यांच्या घरी जातो का. जातो. ते मंडळाचे आजीव सभासद आहेत.